शेजारधर्म आणि मुलांची आबाळ



वसंतातल्या व्याख्यानांसाठी इतिहास, वाङ्मय, प्रवास हे विषय ठरलेले असतात आणि ते रंगतातही. आज आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत तो रंगणारा नाही. तो ऐकताना श्रोता जरा अस्वस्थ होतो, शेजारच्या खुर्चीकडे पाहतो, आणि मनात म्हणतो, ‘आमच्याकडे असले काही नाही.’ हे वाक्य सातारकर म्हणतो, नागपूरकर म्हणतो, आणि घाट चढून आज सावंतवाडीहून आलेली मंडळीही म्हणत असतील. सगळीकडे जे नाही ते वर्तमानपत्रात कोठून येते, एवढाच प्रश्न उरतो.

विषयाच्या नावात ‘आबाळ’ हा शब्द आम्ही मुद्दाम घातला आहे. छळ म्हटला की डोळ्यांपुढे कोणी राक्षस उभा राहतो, आणि आपल्या ओळखीत राक्षस नसल्यामुळे आपण निश्चिंत होतो. आबाळ मात्र आपल्या परिचयाची असते. मुलाला ऊठसूट बडविणे, चारचौघांत घालूनपाडून बोलून त्याचे मन मोडणे, त्याच्या शरीराशी अतिप्रसंग करणे, आणि त्याला वेळेवर अन्न, औषध, शाळा व मायेचे लक्ष न मिळणे, अशी तिची चार रूपे आहेत. पहिली तीन कोणीतरी करतो म्हणून होतात. चौथे कोणी काही करीत नाही म्हणून होते. परंतु चौथ्यातूनच पहिल्या तिघांना वाट मिळते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्या मुलाकडे कोणाचे लक्ष नाही, त्याच्याकडे वाईट मनुष्याचे लक्ष आधी जाते.

या सगळ्यांसाठी कायदे आहेत, आणि ते आजचे नाहीत. मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा १९२४ साली झाला. बालविवाहाविरुद्ध सारडा कायदा १९२९ चा. अलीकडे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा, ज्याला सगळे ‘पोक्सो’ म्हणतात, तो कायदा २०१२ साली आला आणि बालन्यायाचा नवा कायदा २०१५ साली झाला. त्यांच्या दृष्टीने अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, झील असो की चेडू. हे कायदे चांगले आहेत. परंतु कायद्याचा एक स्वभाव आहे: शिक्षा द्यायला तो येतो ते घडून गेल्यावर. शेजारी मात्र आधीपासून तेथे असतो. आंबोलीकरांना हे उदाहरण देऊन सांगणे सोपे आहे. हिरण्यकेशी येथे गुहेतून निघते तेव्हा ती लहान मूलही ओलांडील. तीच गडहिंग्लज, संकेश्वरला पात्र भरून वाहते. पोलीस, न्यायालये आणि रुग्णालये ही संकेश्वरची व्यवस्था झाली. उगमापाशी कोण आहे? उगमापाशी आपण आहोत. आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. बाकीचे त्याचे विवरण.

ही गोष्ट महाराष्ट्रात पहिल्यांदा कोणी ओळखली, ते पाहण्यासाठी आपल्याला १८६३ सालच्या पुण्यात जावे लागेल. एका तरुण ब्राह्मण विधवेला कोणी फसविले आणि ती गरोदर राहिली. तिने अब्रूच्या भयाने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले. गुन्हा उघडकीस आला, खटला चालला आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुणे शहराने काय केले? बहुतेकांनी ‘शिव शिव’ म्हटले, आणि कायद्याने आपले काम केले असे समजून सगळे घरी गेले. एक जोडपे मात्र तेवढ्यावर थांबले नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी स्वतःला असा प्रश्न विचारला की, त्या बाईला मूल मारण्याच्या आदल्या रात्री जाण्यासाठी या शहरात एक तरी दार होते का? नव्हते. म्हणून त्यांनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. रस्त्यांवर जाहिराती लावल्या, त्यांचा आशय असा होता की, येथे गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचे तर न्या, नाही तर येथे ठेवा, त्याचा सांभाळ होईल. पुढे १८८४ साली सरकारला लिहिलेल्या पत्रात जोतीरावांनी नमूद केले आहे की, तोपर्यंत पस्तीस विधवा त्या घरी येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांतल्याच एकीचा १८७४ साली जन्मलेला मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर यशवंत फुले. १८७५ साली पंढरपूरला प्रार्थनासमाजाने टाकलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम काढला, तोही याच जाणिवेतून.

या हकिगतीत तीन गोष्टी लपलेल्या आहेत, त्या उलगडून पाहू. एक, त्या गृहाच्या नावात ‘शिक्षा’ नाही, ‘प्रतिबंध’ आहे. दुसरी, प्रतिबंधाचे साधन म्हणजे एक दार आणि ते उघडणारी एक प्रेमळ बाई. मोठी इमारत लागली नाही, सरकारी मंजुरी लागली नाही. तिसरी आणि मुख्य, त्या अर्भकाचा खरा मारेकरी कोण? हात आईचे होते. पण ते हलविले ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने, आणि ते लोक म्हणजे शेजारीपाजारीच. म्हणजे ज्या शेजाराने तारायचे, त्याच्याच भयाने मूल गेले. आजही लहान मुलीवर घरातल्याच माणसाने हात टाकला तर आई तोंड दाबून बसते ती याच भीतीने. एकशे साठ वर्षांत घोड्याची गाडी जाऊन मोटार आली, पण अब्रूची ही कल्पना जागची हलली नाही. अहो, ज्या घरी चोरी होते त्या घराची अब्रू जात नाही, चोराची जाते. मग मुलाच्या बाबतीत हा हिशेब आपण उलटा का मांडतो?

आता दुसरा प्रश्न. मुलांना धोका कोणापासून असतो? आपण त्यांना लहानपणापासून शिकवितो की, अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नये. शिकवण चुकीची नाही, पण फारच अपुरी आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी बोलून ती केली होती, आणि त्या राज्यांत महाराष्ट्र होता. तीन मुलांपैकी दोघांनी मारहाण सोसल्याचे सांगितले. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले, आणि त्यात मुलगेही मुलींइतकेच होते. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, किंवा ज्यांच्यावर विश्वासाने मूल सोपवावे असे होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. दाराला कडी लावून आपण बाहेरचा चोर अडवितो. हा मनुष्य मात्र पुष्कळदा पाटावर जेवायला बसलेला असतो.

बाहेरच्याचे भय किती वेडेवाकडे जाऊ शकते त्याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या गावी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे डवरी गोसावी होते. भ्रमणध्वनीवरून फिरलेल्या निरोपांनी माणसांची मती गुंग झाली होती. मुलांच्या काळजीपोटी हे घडले असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, ही काळजी नव्हे. काळजी करणारा मनुष्य विचारपूस करतो, जमाव ती करीत नाही. मुलांच्या रक्षणाच्या नावाखाली परक्याला बडविणे सोपे असते, कारण त्यात आपल्या घराची झडती घ्यावी लागत नाही.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी उंबऱ्याशी आहे. घाट उतरून सावंतवाडीच्या पुढे गेले की गोव्याची हद्द लागते. तेथे मडगावजवळ एक परदेशी वंशाचा गृहस्थ, फ्रेडी पीट त्याचे नाव, अनाथ मुलांचा आश्रम चालवीत असे. गोरगरिबांची मुले सांभाळणारा, त्यांना खाऊपिऊ घालणारा परोपकारी मनुष्य म्हणून तो वावरला. १९९१ साली त्याला अटक झाली तेव्हा त्याच्याकडे मुलांची दोन हजारांहून अधिक अश्लील छायाचित्रे सापडली. तो मुलांवर स्वतः अत्याचार करी आणि परदेशातून येणाऱ्यांनाही ती पुरवी. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. वर्षानुवर्षे कोणाला संशय कसा आला नाही? आमच्या मते त्याचे उत्तर असे: गरीब मुलांची चिंता दुसरा कोणी वाहतो आहे म्हटल्यावर आपल्याला बरे वाटते, आणि जो आपल्याला बरे वाटू देतो त्याला आपण प्रश्न विचारीत नाही. दाता म्हटला की त्याच्या खोलीचे दार आतून का बंद असते, हे विचारणे उद्धटपणाचे वाटते. आम्ही म्हणतो, तोच उद्धटपणा करावा. चांगल्या माणसाला अशा प्रश्नाने राग येत नाही, आला तरी तो गिळतो.

गोव्याने यातून धडा घेतला. २००३ साली तेथे मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यात एक सूत्र फार मोलाचे आहे: रक्षणाची जबाबदारी पोलिसांपुरती न ठेवता ती धंदेवाल्यांवरही टाकली. हॉटेलात कुटुंबीयांबरोबर नोंद नसलेले मूल खोलीत जाऊ द्यायचे नाही. छायाचित्रे धुऊन देणाऱ्याला मुलांची अश्लील चित्रे दिसली तर त्याने पोलिसांना कळविले पाहिजे. पुढे २०१२ च्या पोक्सो कायद्यात, हॉटेल, लॉज, रुग्णालय, स्टुडिओ यांच्या नोकरमाणसांना अशी मुलांची अश्लील चित्रे किंवा वस्तू आढळल्या तर त्यांनी कळविले पाहिजे, असे बंधन देशभर घातले गेले.

चौथे उदाहरण आबाळीचे. २०२२ साली नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात एका कातकरी मुलीचा मृत्यू झाला तेव्हा उघडकीस आले की, तिच्यासारखी कितीतरी लहान मुले काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढराच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली गेली होती. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा! आईबाप दुष्ट होते असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. ज्या घरात पावसाळ्यात चूल पेटत नाही, तेथे मूल दुसऱ्याच्या ताटावर जेवेल हाच हिशेब असतो. पण एक मूल वस्तीवरून नाहीसे होते, शाळेच्या पटावर नाव राहते आणि मूल राहत नाही, तेव्हा ‘पोर कुठे गेली?’ हे विचारणारे कोणी तरी असावयास नको का?

असे विचारणाऱ्या बायका महाराष्ट्रात होऊन गेल्या आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. शहरातली बालमंदिरे त्यांना ठाऊक होती. परंतु त्यांना असे दिसून आले की, ज्या मुलांना त्याची सर्वांत गरज आहे ती बालमंदिरापर्यंत येतच नाहीत. मग त्यांनी व अनुताई वाघ यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथे रुजला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे चरत तेथेच शाळा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि आज गावोगाव अंगणवाडी दिसते. पण त्या दोघींचे मूळ सूत्र आपण विसरतो आहोत: मूल आले नाही तर त्याला दोष न देता आपण त्याच्याकडे जावे. आंबोलीच्या आसपास धनगरवाडे आहेत, रानातून वाट काढीत जावे लागते अशी घरे आहेत. खाली तळकोकणात चिरेखाणींवर कर्नाटकातून आलेली कुटुंबे मुलाबाळांसह राहतात. ही मुले व्याख्यानाला येणार नाहीत. जायचे आपल्यालाच आहे.

आता, उगमापाशी उभे राहून नेमके काय करावयाचे, ते क्रमाने सांगतो.

पहिले काम पाहण्याचे. मूल तोंडाने बोलण्यापूर्वी वागण्यातून बोलते. हसतीखेळती मुलगी एकाएकी गप्प होते. अंथरूण ओले करणे सुटलेले मूल पुन्हा सुरू करते. एखाद्या घरी, एखाद्या शिकवणीला जाण्याचे नाव काढताच पोटात दुखू लागते. अंगावरच्या वळांचे कारण दर वेळी निराळे सांगितले जाते. मूल वरचेवर भुकेले, मळलेले, झोपाळू दिसते. यांतल्या एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये, कारण मुले आजारानेही कोमेजतात. परंतु खूण दिसली की लक्ष वाढवावे. या कामासाठी शाळेचे शिक्षक, अंगणवाडीच्या बाई, आशाताई, दुकानदार, एस. टी. चे वाहक यांच्याइतके चांगले डोळे कोणाचे नाहीत, कारण ते रोज तेच मूल पाहतात.

दुसरे काम ऐकण्याचे. मूल एकदम सगळे सांगत नाही. आधी चाचपून पाहते. ‘मला अमुक काकांकडे नाही जायचे’ एवढेच म्हणते. त्यावर आपण काय म्हणतो? ‘शहाणी मुले असे बोलत नाहीत.’ झाले! ते दार कायमचे बंद झाले. त्याऐवजी जवळ बसावे आणि शांतपणे विचारावे, ‘का रे बाळा?’ आणि मग गप्प राहावे. सांगितलेच तर तीन वाक्ये म्हणावी: तू सांगितलेस हे बरे केलेस, माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी काही चूक नाही. खोदून खोदून विचारू नये, पाच जणांपुढे पुन्हा वदवून घेऊ नये, ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे खोटे वचन देऊ नये. मुलाने वापरले तेच शब्द घरी जाऊन लिहून ठेवावेत. एवढे ज्याला जमले त्याने निम्मे काम केले. आणि मुलांना शरीराच्या अवयवांची सरळ नावे शिकविण्यास लाजू नये. ज्याला नावच ठाऊक नाही, ते मूल सांगणार कसे?

तिसरे काम भार हलका करण्याचे. मूल बडविणाऱ्या आईला आपण कैदाशीण म्हणतो. पण पहाटे चारला उठलेली, नवरा दारूत बुडालेला, पदरी तीन लेकरे, मदतीला सासू नाही आणि माहेर घाटाखाली, अशी ती असते. तिला उपदेश नको, तासभर विश्रांती हवी. ‘आज संध्याकाळी तुझी पोरे माझ्याकडे राहू दे’ हे शेजारणीचे एक वाक्य पुष्कळ रट्टे वाचविते. कोकणात पिढ्यान् पिढ्या बाप मुंबईस आणि मुले आजीपाशी असा संसार चालत आला आहे. आजीचे गुडघे दुखतात, तिला शाळेतल्या चिठ्ठ्या वाचता येत नाहीत. तिच्या नातवाला आठवड्यातून दोनदा अभ्यासाला बसविणे हेही बालसंरक्षणच आहे.

चौथे काम संस्थांना नियम लावण्याचे. शाळा, शिकवणी, वसतिगृह, खेळाचे शिबिर, भजनी मंडळ, जेथे जेथे मुले मोठ्यांच्या ताब्यात असतात तेथे एक साधा दंडक असावा: कोणीही मोठा मनुष्य एकट्या मुलाला बंद दाराआड नेणार नाही. तो सर्वांना सारखा असला म्हणजे कोणाचा अपमान होत नाही. शाळेत छडीचा विषय तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने संपविला आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. आंबोलीला पावसाळ्यात धबधब्यासाठी पाहुण्यांची गर्दी उसळते. हॉटेल आणि घरगुती निवासाची सोय करणाऱ्यांनी आपसांत ठरवावे की, प्रत्येक मुलाची नोंद होईल, त्याच्याबरोबरच्या माणसाचे नाते विचारले जाईल, आणि कपबशा विसळायला चौदा वर्षांखालचे मूल ठेवले जाणार नाही. यात धंद्याचे नुकसान नाही. सभ्य गिऱ्हाईक अशाच ठिकाणी मुलेबाळे घेऊन येते.

पाचवे काम कळविण्याचे. ‘आपण कशाला मध्ये पडा’ ही म्हण झाली आहे, पण कायद्यापुढे ती चालत नाही. पोक्सो कायद्याप्रमाणे, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळले, किंवा होईल अशी धास्ती वाटली, त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. ठाऊक असून न कळविणे हा गुन्हा आहे. प्रामाणिक हेतूने कळविणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. पुष्कळांना विचारावेसे वाटेल की, एखाद्यावर खोटा आळ आला तर? कळविणे म्हणजे दोषी ठरविणे नव्हे. विहिरीत काही पडल्याचा आवाज आला तर आपण वाकून पाहतो; दगड निघाला तर आनंदच आहे. चौकशी तपास करणाऱ्यांनी करावी, न्याय न्यायाधीशाने करावा. आपण पंच बसवून ‘झाले गेले विसरा’ म्हणण्याचा, दोन्हींकडून कागद लिहून घेण्याचा, किंवा मुलीचे लग्न लावून प्रकरण मिटविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

कोठे कळवावे? दहा-नऊ-आठ, १०९८ हा क्रमांक पाठ करा. १९९६ साली मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने, रस्त्यावरच्या मुलांना रात्री-अपरात्री हाक मारता यावी म्हणून ही दूरध्वनी सेवा निघाली. २०२३ पासून ती सरकार चालविते. ती चोवीस तास आहे, पैसे पडत नाहीत, आणि मूल स्वतःही तेथे बोलू शकते. तातडीच्या वेळी ११२. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते; आधार नसलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत तिच्यापुढे न्यावयाचे असते. बालविवाह ठरत असल्याचे कळले तर, ज्याला आपण ग्रामसेवक म्हणून ओळखतो तोच गावातला प्रतिबंधक अधिकारी असतो. मांडव पडण्यापूर्वी त्याला सांगावे. शिवाय सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका यांची ग्राम बालसंरक्षण समिती गावोगाव असावी अशी योजना आहे. आपल्या गावी तिची शेवटची बैठक कधी झाली, हा प्रश्न येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारावा. प्रश्न विचारला जातो असे दिसले की समित्या जाग्या होतात.

सहावे काम शेवटपर्यंत बरोबर राहण्याचे, आणि ते सर्वांत अवघड आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी तासन्तास ताटकळावे लागले. लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. रुळांवर उतरणारे हजारो होते. पण ठाण्यातल्या त्या बाकावर पहिल्या तासाला आईबापांशेजारी बसलेला एखादा जाणता शेजारी मोलाचा असतो. त्याला हे ठाऊक असावे की, मुलाचा जबाब घरी घेता येतो, तो शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो, गणवेशात घ्यावयाचा नसतो, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा, घर काहीही प्रसिद्ध करता येत नाही. मग ते भ्रमणध्वनीवरून ‘न्याय द्या’ म्हणून पाठविणारा मनुष्य मुलाचा हितचिंतक कसा? खटला दोन-चार वर्षे चालतो. तेवढा काळ त्या घरी नेहमीसारखे जाणे-येणे ठेवावे, हळदीकुंकवाला बोलवावे, मुलाला खेळायला घ्यावे. गाव बोलेनासे झाले की घर माघार घेते, आणि साक्षीदार उलटला असे आपणच म्हणतो.

एक शंका वडीलधाऱ्यांच्या मनात असेल. मुलांना इतके हक्क दिले तर आईबापांचा धाक उरेल काय? आमचे म्हणणे असे की, वळण लावणे निराळे आणि वळ उठविणे निराळे. ज्या घरात मूल चूक कबूल करायला भीत नाही, त्याच घरात ते दुसऱ्याने केलेला अपराधही सांगायला भीत नाही. धाकाने गप्प बसायला शिकलेले मूल सर्वांपुढे गप्प बसते, वाईट माणसापुढेसुद्धा. म्हणून मुलाला ‘नाही’ म्हणायला शिकविणे हा लाड नव्हे. ती त्याची शिदोरी आहे.

मिरगाला आता फार दिवस राहिले नाहीत. या गावचा पाऊस काय असतो ते आपल्याला सांगावयास नको. मिरगाआधी आपण लाकूडफाटा भरतो, बेगमी करतो, कौले चाळून घेतो. कारण एकदा पाऊस लागला की घरे एकमेकांपासून तुटतात, आणि दार लावलेल्या घरातला आवाज पागोळ्यांच्या आवाजात बुडून जातो. तेव्हा या बेगमीत आणखी एक भर घाला. प्रत्येक वाडीने दोन माणसे नेमावी, त्यांत एक बाई असावीच. वाडीतली मुले किती, कोणाचे आईबाप बाहेरगावी, कोण शाळेत येईनासे झाले, कोणत्या घरी बाळंतीण एकटी आहे, एवढे त्यांना तोंडपाठ असावे. आठवड्यातून एकदा पावसातून इरले वा छत्री घेऊन त्यांनी त्या दारी जावे आणि ‘काय, बरे आहे ना?’ एवढे विचारावे. १८६३ साली पुण्यात एका घराचे दार उघडे राहिले, त्याने पस्तीस बायकांची आणि त्यांच्या लेकरांची सोय झाली. आंबोलीच्या वाड्यावाड्यांत अशी दोन-दोन दारे उघडी राहिली, तर किती मुले वाचली याची गणती कोणालाच करता येणार नाही, कारण जे घडलेच नाही त्याची नोंद कोठल्याच दप्तरात होत नाही. हे काम नावासाठी करावयाचे नाही, ते असेच बिननोंदीचे राहावे.